कुठल्या थरातला

दार उघडलं की शीतपेटीतून वाफ बाहेर येते
आणि हेल्वेबाई चष्मा काढून पुसतात.
चौतीस वर्षं हेच.
आज त्यांचा शेवटचा दिवस, मी यादी घेऊन उभी,
तार्तूत नोव्हेंबर, चारलाच काळोख.

पहिला कप्पा? ठेव.
दुसरा? ठेव.
तिसऱ्यातले लोक सगळे वारले, बाई.
ठेव म्हटलं ना.

पहिल्या नळीवर अजून रशियन अक्षरं आहेत:
एल्वी लानेमेत्स, पोस्टवाली, वोरूकडची.
तोंडात फोड आले तेव्हा दातांच्या डॉक्टरने
चार महिने हिरड्यांना औषध लावलं.
मग पाठ. मग सदरा पाठीवरून निघेना,
आणि निघाला तो एकटा निघाला नाही.
बाई तेव्हा अठ्ठावीसच्या. धड दिसणाऱ्या कातडीवर
अंगठा टेकवला, जरासा दाबून ढकलला,
आणि दुधावरची साय सरकावी तशी
एल्वी सरकली.

त्याच अंगठ्याने पुढे नव्वद लेख लिहिले.
साभार परत आलेले वेगळे.
'रुग्णसंख्या अपुरी,' कुणा परीक्षकाने कळवलं होतं.
बाई म्हणाल्या, मग काय, गावोगाव फिरून विनवू,
बाबांनो, फोड येऊ द्या?

अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली,
पेशी आणि पेशी यांच्यामधली प्रत्येक फट
हिरवी पेटलेली,
पेइप्सीच्या काठी मासेमार वाळत घालतात तसं जाळं.
कुंपणच शेत खातंय
याचा एवढा लख्ख नकाशा.
सुंदर होतं ते.
सुंदर वाटलं याची लाज
बाईंना अजून जात नाही.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज गेली ती दोन रात्री आलीच नाही.
बाई आणि पहारेकरी आर्वो
दुधाच्या किटल्यांत नळ्या भरून अंगणात उतरले,
उत्तरेच्या भिंतीशी बर्फात पुरल्या.
नवऱ्याचा कोट घालून बाई तिथेच बसल्या
कुत्री हाकलत.
पुरल्या दोनशे अकरा. निघाल्या दोनशे दहा.

एल्वी सत्त्याण्णवमध्ये गेली. फोडांनी नव्हे,
फोडांवरच्या गोळ्यांनी:
चेहरा भोपळ्याएवढा, हाडं खडूची.
बरं औषध आलं ते दहाएक वर्षांनी,
तेव्हा बाई परिषदेत, टाळ्यांच्या मधोमध,
हात मांडीवर ठेवून बसलेल्या.
परतल्या त्याच रात्री एल्वीची नळी वितळवली.
एक थेंब. तबकडीतली खाच पिवळी झाली.
मेलेल्या बाईची प्रतिपिंडं
नसलेल्या कातडीला अजून शोधत होती.

हे त्यांनी कुठल्याच लेखात घातलं नाही.

मी म्हटलं, तळहातावरच्या फोडासारख्या
जपल्यात तुम्ही या नळ्या.
बाई थबकल्या.
"कुठल्या थरातला फोड?"
मला हसू आलं. त्यांना नाही.
"वरच्या थरातला लगेच फुटतो.
खालचा टिकतो, ताठ, आठवडाभरसुद्धा."

मग टेबलाचा खण रिकामा केला. पेन्सिलींची थोटकं,
सुकलेली संत्र्याची साल,
आणि दोनशे अकरावी नळी,
एप्रिलात बर्फ गेल्यावर आर्वोला झाडाच्या मुळाशी सापडलेली,
चिठ्ठीवरचं नाव धुऊन गेलेलं,
आतलं सीरम कामातून गेलेलं.
ती त्यांनी कोटाच्या खिशात टाकली.
चावी माझ्या यादीवर ठेवली.

चौथा कप्पा राहिला, बाई, मी म्हटलं.

जिन्यातला दिवा आपोआप लागला,
थोड्या वेळाने विझला.